जुन्या लष्करी रायफलीची हलकी शिकारी रायफल: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

पहिली जुनी माउझर (मूळ जर्मन रचनेची लष्करी रायफल) हातात आली तेव्हा मी सगळ्यात आधी करवत काढली. पुढचं लाकूड कापलं, दस्ता तासला, महिनाभर तेल पाजलं. मग गनस्मिथकडे नेली तर त्याने गेज घालून पाच मिनिटांत सांगितलं की हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला उरणारी जागा) हाताबाहेर गेली आहे, ही नळी आता चालवू नका. नवी नळी बसवण्याइतकी ती रायफल मोलाची नव्हती आणि मूळ रूपात जपून ठेवण्याचा मार्ग मी स्वतःच कापून टाकला होता. चूक कामात नव्हती, क्रमात होती. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जोर क्रमावर आहे: आधी कागद, मग तपासणी, मग जे परत जोडता येतं ते काम, आणि जे परत जोडता येत नाही ते सर्वांत शेवटी.

उदाहरणं मुख्यतः माउझर ९८ ची देतो, कारण अशा कामासाठी जगात सर्वाधिक वापरली गेलेली रचना तीच. ब्रिटिश ली-एनफील्ड, रशियन मोसिन-नागान, अमेरिकी स्प्रिंगफील्ड यांचे वेगळे मुद्दे जिथल्या तिथे येतील.

१. कागद आधी

रायफल तुमच्या नावावर असली म्हणजे तिच्यात हवा तो बदल करता येतो असं नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, पण प्रश्न सगळीकडे साधारण हेच असतात. त्यांची उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या.

- नळीची आणि एकूण रायफलीची किमान कायदेशीर लांबी किती?
- नळी कापणं, बदलणं किंवा कॅलिबर बदलणं हे काम स्वतः करता येतं, की परवानाधारक गनस्मिथनेच करायला हवं?
- बदलानंतर परवान्यावर नोंद करावी लागते का?
- प्रूफ चाचणी (जास्त दाबाचं काडतूस उडवून केलेली मजबुतीची चाचणी) पुन्हा लागते का? सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत नळी किंवा बोल्टसारखे (मुठीने पुढे-मागे सरकणारा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) दाब झेलणारे भाग बदलले की ती सहसा लागते.
- तुमच्या भागात शिकारीला परवानगी आहे का, कोणत्या प्राण्याला, आणि त्यासाठी किमान कॅलिबर किंवा ऊर्जा किती ठरवली आहे?

फाइलमध्ये परवाना, खरेदीची पावती, रिसीव्हरवरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या मुख्य भागावरच्या) क्रमांकाचा आणि सगळ्या शिक्क्यांचा स्पष्ट फोटो, आणि गनस्मिथच्या तपासणीचा लेखी अहवाल असू द्या. रिसीव्हरवरचा क्रमांक कधीही घासू नका, पॉलिश करतानाही नाही. तो पुसला गेला तर बहुतेक देशांत तो गंभीर गुन्हा ठरतो.

२. कोणती घ्यावी आणि कोणती कापू नये

बोल्ट, रिसीव्हर, नळी, मॅगझीनची तळपट्टी अशा सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळत असतील, लाकूड मूळचं असेल आणि शिक्के शाबूत असतील, तर ती रायफल जशी आहे तशीच ठेवा. अशी रायफल दरवर्षी दुर्मिळ होते आहे आणि कापलेलं लाकूड परत येत नाही. युद्धानंतरच्या काळात लष्करी रायफली इतक्या मुबलक होत्या की त्या कापताना कुणी दोनदा विचार केला नाही. आज तो विचार करावाच लागतो.

या कामासाठी योग्य रायफल म्हणजे कुणीतरी आधीच अर्धवट कापून ठेवलेली, किंवा जिचे क्रमांक जुळत नाहीत, लाकूड फुटलंय, पण रिसीव्हर आणि बोल्ट निरोगी आहेत अशी. मला स्वतःला दुसऱ्याने दस्ता कापून सोडून दिलेली रायफल सगळ्यात आवडते. तिचं काम पूर्ण करताना मनाला काही लागत नाही.

आता रचनेनुसार थोडं.

माउझर ९८ जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली. बोल्टला पुढे दोन मोठे लॉकिंग लग (रिसीव्हरमध्ये अडकून बोल्ट बंद ठेवणारे खुंट) आणि मागे तिसरा सुरक्षा लग आहे. काडतुसाचं बूड फुटलं तर वायू बाजूला काढून देण्यासाठी बोल्टला छिद्रं आहेत. मोठा पंजेदार एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) मॅगझीनमधून वर येतानाच काडतूस पकडतो. शिकारीसाठी याहून भरवशाचा पाया शोधून सापडणार नाही.

आधीच्या १८९३, १८९५ आणि १८९६ च्या माउझर दिसायला सारख्या असल्या तरी त्यांना तो तिसरा लग नाही आणि वायू वळवण्याची सोयही कमी आहे. स्वीडिश १८९६ ची घडण अप्रतिम आहे, ६.५×५५ मध्ये ती तशीच वापरा. या जुन्या रिसीव्हरवर जास्त दाबाचं आधुनिक कॅलिबर चढवण्याच्या फंदात पडू नका.

ली-एनफील्डचे लग मागच्या बाजूला आहेत आणि दस्ता दोन तुकड्यांचा. तिच्या क्र. ४ या मॉडेलमध्ये ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्ट-हेडं मिळतात, ती बदलून हेडस्पेस जुळवता येते. मोसिन-नागान मजबूत आहे, पण सरळ मूठ आणि दुर्बिणीसाठी गैरसोयीची रचना यांमुळे खर्च वाढतो. १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये जुने क्रमांक टाळायचे: स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेचे ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालचे रिसीव्हर. त्या काळी तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून तापमान ठरवत, त्यामुळे काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले. बाहेरून ते ओळखता येत नाहीत.

३. ग्रीस उतरवा

साठ्यात ठेवलेल्या रायफली घट्ट पिवळसर ग्रीसने माखलेल्या असतात. धातूचे भाग सुटे करून मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवा, ब्रशने घासा, कोरडे करा आणि लगेच पातळ तेल लावा. लाकडातलं ग्रीस काढायला लाकूड कापडात गुंडाळून उन्हात ठेवा, ते आपोआप बाहेर येतं. काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर. बोल्टच्या आतली पोकळी आणि फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईची) स्प्रिंग विसरू नका. तिथलं ग्रीस थंडीत घट्ट झालं की पिन सावकाश सरकते आणि बार उडत नाही.

सुटं करण्यापूर्वी मॅगझीन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. ग्रीसखाली काडतूस दडून राहिल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

४. तपासणी: इथे पैसे वाचवू नका

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांमधलं अंतर. ते जास्त झालं की काडतुसाचं पितळ ताणून फाटतं आणि गरम वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. मोजायला तीन गेज असतात. ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होऊ नये, आणि ‘फील्ड’वर बंद झाला तर ती रायफल चालवायची नाही. गेज घालताना एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन काढून ठेवा आणि मूठ दोन बोटांनी हलकेच फिरवा. जोर लावला तर गेज खोटं सांगेल आणि चेंबरही खराब होईल. बोल्टचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नसेल तर ही चाचणी झाल्याशिवाय एकही गोळी नको.

त्यानंतर पाहायच्या गोष्टी:

- लॉकिंग लगच्या मुळाशी आणि रिसीव्हरच्या आतल्या खोबणीत भेगा किंवा खोलगट झीज. भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, गनस्मिथकडे भेदक रंगाची किंवा चुंबकीय कणांची चाचणी करून घ्या.
- फायरिंग पिनचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं, खड्डे पडलेलं नको.
- नळीतल्या चऱ्या. काळसर छटा चालते. पण खोल खड्डे, विशेषतः चेंबरच्या पुढच्या बोटभर भागात, चालत नाहीत.
- नळीचं खरं माप. शिशाचा तुकडा नळीतून ढकलून तो मायक्रोमीटरने मोजतात. ७.९२ च्या जर्मन नळ्यांत हे अटळ आहे: १८८८ च्या मापाची गोळी सुमारे ८.०८ मिमी, १९०५ नंतरची सुमारे ८.२२ मिमी. जाड गोळी अरुंद नळीत गेली तर दाब धोकादायक पातळीला जातो.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नळी गंजते. तेलात ते विरघळत नाही. अशी काडतुसं वापरली असतील तर नळीतून आधी गरम पाणी सोडायचं, मग कोरडी करायची, मग तेल.

अहवाल ‘निरोगी’ असा आला तरच पुढे जा. नाही आला तर रायफल आहे तशी भिंतीवर शोभेल.

५. वजन नेमकं कुठे आहे?

नवखा माणूस आधी नळीकडे पाहतो. हिशेब करून पाहू. माउझर ९८ ची लांब नळी ७४० मिमीची, ती ६०० मिमीवर आणली तर १४० मिमी जाते. पुढच्या टोकाला नळीचा व्यास साधारण १५.५ मिमी आणि आतलं भोक ८ मिमी धरा. पोलादाची घनता ७.८५. उत्तर येतं सुमारे १५० ग्रॅम. एवढंच! त्याबदल्यात प्रत्येक इंचामागे साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद वेग जातो आणि तोंडाशी आवाज वाढतो. नळी छोटी केल्याने रायफल झुडपांत हाताळायला सोपी होते आणि तोल मागे येतो, हे खरं आहे. पण निव्वळ वजनासाठी नळी कापणं हा महागडा सौदा आहे.

माझ्या दुसऱ्या रायफलीचा प्रत्येक भाग मी काट्यावर ठेवला होता. मूळ वजन ४.१ किलो. पुढचं लाकूड आणि वरचं आच्छादन जाऊन दस्ता सडपातळ झाला तेव्हा सुमारे ३५० ग्रॅम कमी झाले. पट्ट्या, नाकाची टोपी, संगिनीचा खुंट, साफसफाईची सळई मिळून २१० ग्रॅम. मागची लांब पल्ल्याची साइट १३० ग्रॅम. नळीचे १५०. रायफल आली ३.२५ किलोवर. मग दुर्बीण आणि तिचे माउंट बसवले, ४५० ग्रॅम परत आले. म्हणून दुर्बीण निवडताना तिचं वजन पाहा. मोठ्या भिंगाची जड दुर्बीण लावली की अर्धी मेहनत तिथेच संपते.

धक्क्याचाही विचार करा. तेच काडतूस असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ४.१ किलोवरून ३.२५ वर आलात तर धक्का सव्वापट होतो. लष्करी दस्त्याला पोलादी बटप्लेट असते, ती काढून चांगला रबरी पॅड बसवा. दुर्बिणीसकट ३.५ ते ३.८ किलो हा पल्ला मला योग्य वाटतो. त्याखाली गेलात तर तुम्ही सरावच टाळू लागाल.

आणि एक कडक नियम: वजन कमी करण्यासाठी रिसीव्हर किंवा बोल्टमधून एक कणही धातू काढायचा नाही.

६. दस्ता

इथे दोन रस्ते आहेत. मूळ दस्ता कापायचा, किंवा मूळ दस्ता पट्ट्यांसकट गुंडाळून ठेवायचा आणि तयार शिकारी दस्ता आणून बसवायचा. मी आता दुसराच रस्ता सुचवतो. उद्या मन बदललं, किंवा पुढच्या मालकाला मूळ रूप हवं असलं, तर तासाभरात परत जोडता येतं.

तयार दस्ते बहुधा ‘जवळजवळ खोदलेले’ येतात, शेवटचं बसवणं आपल्याला करावं लागतं. माउझरच्या नळीला पायऱ्या असतात, त्यामुळे दस्ता त्या पायऱ्यांचा आहे की सरळ निमुळत्या नळीचा, हे मागवतानाच विचारा. रिसीव्हरचं बूड काजळीने किंवा निळ्या मार्किंग रंगाने माखा, दस्त्यात ठेवा, उचला, जिथे डाग उमटेल तिथेच धारदार पटाशीने पातळ कातळी काढा. हे पन्नास-साठ वेळा करावं लागतं. घाई करणाऱ्याची कडेला फट पडते, आणि ती कायम दिसते.

मूळ दस्ता कापायचाच असेल तर नळी धरणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी मागची पट्टी बसते तिच्या जरा पुढे कापा. जास्त मागे नको. टोक कानशीने गोल करा. खोलगट चेपे ओलं कापड ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की वर येतात.

हत्यारं: दोन पटाश्या (६ आणि १२ मिमी), अर्धगोल कानस, १८० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर, स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर, वजनकाटा, मार्किंग रंग, बेडिंगचं इपॉक्सी, मेणाचा लेप, मऊ माती, नायलॉनची हातोडी. साध्या स्क्रूड्रायव्हरने गार्ड-स्क्रूच्या (रिसीव्हर दस्त्याला आवळणाऱ्या स्क्रूंच्या) खाचा फाटतात, ते टाळा.

७. बेडिंग

रायफल हलकी झाली की नेम दस्त्यावर जास्त अवलंबून राहतो. लाकूड ओलाव्याने फुगतं, रिसीव्हर थोडा हलतो, गोळी दुसरीकडे जाते. त्यावर उपाय म्हणजे रिसीव्हरखाली इपॉक्सीची नेमकी बैठक.

माउझरमध्ये धक्का झेलणारा लग रिसीव्हरच्या पुढच्या रिंगच्या खाली आहे. त्याचा फक्त मागचा चेहरा बैठकीला टेकायला हवा. पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला चिकटपट्टीचा एकेक थर लावा, म्हणजे तिथे मोकळीक राहील. स्क्रूची भोकं, मॅगझीनची पोकळी आणि ट्रिगरची जागा मऊ मातीने बुजवा. मग धातूवर मेणाचे दोन हात, प्रत्येक कोपऱ्यात, स्क्रूच्या आट्यांवरही. मेण एका ठिकाणी राहून गेलं तर रायफल दस्त्यातून सुटत नाही. दस्ता फोडून ती सोडवावी लागते. इपॉक्सी घातल्यावर स्क्रू बेताने आवळा, वर आलेलं लगेच पुसा, पूर्ण एक दिवस ठेवा. काढताना सरळ वर उचला, तिरकं हिसकू नका.

मागच्या गार्ड-स्क्रूभोवती धातूची नळकांडी असते, तिला हरवू नका. ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबत राहतं आणि मॅगझीन बोल्टला घासू लागतं.

नळीच्या पुढच्या भागाखाली जाड कागद सहज सरकायला हवा. काही सडपातळ नळ्या टोकाशी हलका दाब असला की बऱ्या मारतात. पण सुरुवात मोकळ्या नळीनेच करा, दाब नंतर देता येतो.

८. गनस्मिथला द्यायची कामं

ही कामं घरच्या ड्रिलवर किंवा टॉर्चवर होत नाहीत. मी स्वतःला बऱ्यापैकी हातकसबी समजतो, तरी ती मी देतो.

नळी: कापायची असेल तर लेथवर, आणि क्राऊनही (नळीच्या तोंडाची घडवलेली कड) तिथेच. तोंडाची कड नळीच्या भोकाशी अचूक समकेंद्री नसेल तर गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी डगमगते. सैन्यात सळईने तोंडाकडून साफ केलेल्या नळ्यांचं टोक झिजलेलं असतं. अशी नळी थोडी कापून नवा क्राऊन दिला की नेम सुधारतो. नळी कापायला हे कारण मला वजनापेक्षा जास्त पटतं. कापण्यापूर्वी किमान कायदेशीर लांबी पुन्हा एकदा पाहा आणि वर दोन बोटं जास्त ठेवा.

मागची साइट: माउझरमध्ये ती कथलाच्या डाकाने नळीला बसवलेली असते. गरम करूनच निघते, तेही मापात.

दुर्बिणीची भोकं: रिसीव्हरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. साधा ड्रिलबिट सरकतो आणि भोक तिरकं जातं.

बोल्टची मूठ: सरळ मूठ, आणि बऱ्याचदा ९८के ची (९८ चा आखूड प्रकार) वाकवलेली मूठही, उचलताना खाली बसवलेल्या दुर्बिणीला आपटते. ती कापून नवी जोडतात. त्या वेळी लग आणि कॅम (बोल्ट फिरताना पिन मागे सारणारा उतार) यांच्याकडे उष्णता जाऊ नये म्हणून बोल्टमध्ये उष्णता शोषणारा दांडा घालतात. लग मऊ पडला तर बोल्ट निकामी झाला असं समजा.

सेफ्टी: लष्करी सेफ्टी मागच्या बाजूला उभी राहून फिरते, दुर्बीण तिच्या वाटेत येते. बुटकी किंवा बाजूची सेफ्टी बसवा.

ट्रिगर: लष्करी ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. सवय झाली तर तो वाईट नाही आणि सुरक्षित आहे. हलका हवा म्हणून सिअर (पिन अडवून धरणारा भाग) कानशीने घासू नका, अशी रायफल आपटल्यावर आपोआप उडू शकते. बदलायचा तर तयार ट्रिगर-संच घ्या.

९. शेवटचा हात

लाकडावर ओलं फडकं फिरवा, तंतू उभे राहतील. वाळल्यावर बारीक पेपर, हे दोनदा. मग उकळलेलं जवसाचं तेल किंवा टंग तेल, अगदी पातळ, तळहाताने चोळून. सहा-सात हात, मध्ये एकेक दिवस. दस्त्याच्या आतल्या खोबणीत आणि पॅडखालच्या उघड्या टोकालाही तेल द्या, पाणी तिथूनच शिरतं. तेल लागलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती स्वतःहून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

धातूला ब्लूइंग (गंजरोधक निळा-काळा थर) करायचं तर गरम क्षारांच्या कढईत कथलाचा डाक सुटतो, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. डाकाने बसवलेली साइट असेल तर आधी सांगा.

१०. पहिला बार आणि झिरो

रिकाम्या रायफलीवर आधी एवढं करा. सेफ्टी लावा, ट्रिगर ओढा, सोडा, सेफ्टी काढा: पिन पडता कामा नये. बोल्ट जोरात बंद करा, दस्त्याच्या बुडावर नायलॉनच्या हातोडीने टोला द्या: तरीही पडता कामा नये. डमी काडतुसं मॅगझीनमधून आत-बाहेर सुरळीत जाताहेत ना, ते पाहा.

पहिले तीन बार फायरिंग रेंजवर, रायफल आधारात घट्ट बांधून, ट्रिगरला लांब दोरी लावून, तुम्ही आडोशामागे. काडतुसं नव्या कारखान्याची आणि नेमक्या कॅलिबरची. उडवून रिकामं झालेलं प्रत्येक काडतूस हातात घेऊन पाहा. बुडाच्या जरा वर चमकदार वर्तुळ, चपटं झालेलं प्रायमर, भेग, किंवा बोल्ट उघडायला लागलेला जोर, यातलं काही दिसलं तर थांबा आणि रायफल गनस्मिथकडे न्या.

शिकारीसाठी पूर्ण धातूचं आवरण असलेली लष्करी गोळी वापरू नका. ती प्राण्यातून आरपार जाते, जखमी करते, लवकर मारत नाही, आणि अनेक देशांत तिला बंदीच आहे. मऊ टोकाची गोळी घ्या आणि झिरो (दुर्बिणीचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवणं) त्याच गोळीवर करा.

आधी २५ मीटरवर कागदावर आणा, मग १०० मीटर. तीन बार झाले की नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. सडपातळ नळी तापली की गोळ्या एका दिशेने सरकत जातात आणि तुम्ही दुर्बिणीचं बटण उगाच फिरवत बसता. वीस बारांनंतर गार्ड-स्क्रू पुन्हा तपासा आणि त्यांच्या डोक्यावर व धातूवर मिळून एक बारीक खूण करा, म्हणजे सैल झाले तर लगेच दिसेल. मग आठवडाभराने, थंड नळीतून, एकच बार. जंगलात तुम्हाला मिळणारा बार तोच असतो, म्हणून तो कुठे लागला ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा.